‘नाव बदलतेय, बाकी सगळे तेच राहील’: या वाक्यावर किती विसंबावे?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्यात सहा वर्षांपासून कंपनीच्या थेट हजेरीपटावर आहात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,००० रुपये होतात. गेले तीन महिने पगार दोन हप्त्यांत मिळतो आहे आणि पीएफच्या पासबुकात चार महिन्यांपासून नवी नोंद नाही. आता येत्या एक तारखेपासून आपल्या विभागातल्या ४३ जणांना त्याच मालकांच्या दुसऱ्या फर्मच्या नावावर घेतले जाणार असून, त्यासाठी राजीनामा आणि नवे नियुक्तीपत्र अशा दोन कागदांवर सही मागितली जात आहे. एचआरचे साहेब सांगतात की पीएफ ‘पोर्टलमुळे अडले आहे’, कंपनी तोट्यात असल्याने यंदा बोनस नाही, आणि ‘नाव बदलतेय, बाकी सगळे तेच राहील’. शेवटी आपण विचारले आहे की मालक माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांनी आजवर कोणाचा पैसा बुडवलेला नाही, तर त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा की नाही.

आधी माझ्याविषयी थोडे सांगतो, कारण सल्ला देणारा कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय सल्ल्याचे वजन करता येत नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांत मिळून मी एकोणीस वर्षे वेतन आणि आस्थापना विभाग सांभाळला. त्यानंतर आजपर्यंत कामगार कायद्याचा सल्लागार म्हणून काम करतो आहे आणि माझ्याकडे मालकही येतात, कामगारही येतात. म्हणजे ज्या साहेबांविषयी आपण लिहिले आहे त्यांच्या खुर्चीत मी बसलेलो आहे, आणि ते आज जी वाक्ये बोलत आहेत त्यांपैकी निदान दोन मीही बोललेलो आहे.

विश्वास ठेवावा की नाही, हे आपण माणसाविषयी विचारले आहे. माझ्या मते ते एकेका वाक्याविषयी विचारायला हवे. ‘पीएफ भरतो आहोत’ हे घडून गेलेल्या गोष्टीविषयीचे वाक्य आहे. तिची कुठेतरी नोंद असते, त्यामुळे तिथे विश्वासाचा संबंधच येत नाही, ती नोंद पाहायची असते. ‘कंपनी तोट्यात आहे’ हे कारण म्हणून सांगितले जाते. ते अगदी खरे असू शकते आणि तरीही ज्या गोष्टीसाठी पुढे केले जात आहे तिला लागू पडत नसू शकते. ‘बाकी सगळे तेच राहील’ हे मात्र वचन आहे, आणि वचनाच्या बाबतीत सांगणारा प्रामाणिक आहे का यापेक्षा, ते पाळणे त्याच्या हातात आहे का आणि उद्या तो त्या खुर्चीत नसला तर कोणाला बांधून घेता येईल, हे अधिक महत्त्वाचे असते.

कामगारांचा एक समज मला नेहमी आढळतो, की एचआरला सगळे ठाऊक असते आणि तो लपवतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एचआरला अर्धेच ठाऊक असते. खात्यात किती पैसे आहेत हे लेखा विभागाला माहीत असते, बँकेने काय कळवले हे मालकांना आणि त्यांच्या सीएला माहीत असते, आणि फाटकावर उभे राहून कामगारांशी बोलण्याचे काम ज्याला या दोन्हींतले काही दिसत नाही त्याच्या गळ्यात पडते. माझ्या अनुभवात कामगारांपर्यंत चुकीची माहिती पोहोचते ती बहुतेक अशा माणसाकडून, जो स्वतः त्या माहितीवर विश्वास ठेवून बसलेला असतो. म्हणून त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून किंवा स्वभावावरून काहीही ताडता येत नाही.

एक प्रसंग सांगतो. दिवाळीला तीन आठवडे होते आणि दोन महिन्यांचा ओव्हरटाइम थकलेला होता. मी फलकावर लावण्यासाठी सूचना तयार केली की ‘थकीत ओव्हरटाइमची रक्कम दिवाळीपूर्वी अदा करण्यात येईल’. कागद सहीसाठी वर गेला आणि परत आला तेव्हा ‘करण्यात येईल’ या शब्दांवर हिरव्या शाईची रेघ होती आणि त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘करण्याचा प्रयत्न राहील’ असे लिहिलेले होते. मी तो मजकूर तसाच टाइप करून फलकावर लावला. जेवणाच्या सुटीत पन्नास-साठ माणसे फलकासमोर थांबून गेली आणि संध्याकाळच्या बसमधून घरोघरी एकच निरोप गेला, की दिवाळीआधी पैसे मिळणार असे साहेबांनी लिहून दिले आहे. बँक वाढीव कर्जमर्यादा देईल असे वरच्या मंडळींना मनापासून वाटत होते, पण बँकेने ती दिली नाही. पैसे फेब्रुवारीत मिळाले. एक जुना फिटर माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, तुमी तं लिहून देल्लं होतं ना.’ मी फाइल उघडून त्याला ती सूचना दाखवली आणि ‘प्रयत्न’ या शब्दावर बोट ठेवले. त्याने तो शब्द वाचला, मान हलवली आणि काही न बोलता निघून गेला. कायद्याच्या दृष्टीने मी बरोबर होतो. त्या दिवशीचे माझे ते बोट मात्र मला आजही आठवते.

तेव्हापासून मालकाकडून आलेला कोणताही कागद वाचताना मी आधी क्रियापद पाहतो. ‘देण्यात येईल’, ‘देण्याचा विचार आहे’, ‘परिस्थितीनुसार निर्णय घेण्यात येईल’ आणि ‘प्रयत्न राहील’ ही चार वाक्ये ऐकणाऱ्याच्या कानाला एकच वाटतात, परंतु त्यांतल्या पहिल्यालाच काही अर्थ आहे, आणि तोही सोबत तारीख असेल तर.

आता आपल्या पीएफकडे येतो, कारण तपासायला सर्वांत सोपी आणि तरीही सर्वांत कमी तपासली जाणारी गोष्ट तीच आहे. १५,००० रुपयांवर १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये आपल्या पगारातून कापले जातात. मालकाचा वाटाही १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपयेच असतो, परंतु त्यातले ८.३३ टक्के म्हणजे १,२५० रुपये पेन्शन खात्यात जातात आणि उरलेले ५५० रुपये आपल्या पीएफ खात्यात दिसतात. हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की ‘आमच्या पगारातून १,८०० कापतात आणि मालक फक्त ५५० भरतो’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे दरवर्षी माणसे येतात आणि त्या प्रत्येक प्रकरणात मालक पूर्णपणे बरोबर असतो. अविश्वासही अभ्यास करूनच ठेवावा, कारण एकदा अशी पोकळ तक्रार केली की पुढची खरी तक्रारही कोणी गंभीरपणे घेत नाही.

मालकाने एका महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो आणि पासबुकात नोंद उमटायला त्यानंतर काही दिवस जातात. म्हणजे एका महिन्याची नोंद न दिसणे हा काळजीचा विषय नाही. चार महिन्यांची न दिसणे निश्चित आहे. ‘पोर्टलमुळे अडले’ हे कारण दरवेळी खोटे असते असेही समजू नका. २०२१ पासून यूएएनला, म्हणजे पीएफ सदस्याच्या कायम क्रमांकाला, आधार जोडलेला नसेल तर त्या कामगाराचा भरणा मालकाला करताच येत नाही, आणि आधारवर नावापुढे ‘राव’ आहे पण पीएफच्या नोंदीत नाही एवढ्यावरूनही काम अडून राहिलेले मी पाहिले आहे. परंतु अशी अडचण एकेकट्या कामगाराची असते. त्यामुळे आपल्या विभागातल्या पाच-सहा सहकाऱ्यांनी आपापली पासबुके उघडून पाहावीत. एक-दोघांच्याच नोंदी थांबल्या असतील तर साहेब खरे बोलत आहेत आणि आधारची दुरुस्ती करून घेतली की प्रश्न मिटेल. सगळ्यांच्याच नोंदी एकाच महिन्यात थांबल्या असतील तर अडचण पोर्टलची नसून पैशांची आहे, हे कोणालाही न विचारता कळते. त्यासाठी कार्यालयात जाण्याचीही गरज नाही. यूएएनशी जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तर शेवटचा भरणा आणि शिल्लक संदेशाने येते. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोध घेतला तर कोणत्या महिन्याची रक्कम कोणत्या तारखेला आणि किती कामगारांसाठी भरली गेली हेही दिसते. नव्या फर्मचे नावसुद्धा त्याच ठिकाणी टाकून पाहा. तिची तिथे नोंदच नसेल तर एक तारखेला आपला पीएफ नेमका कुठे भरला जाणार आहे, हा प्रश्न विचारायला आपल्याला पक्का आधार मिळेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पगार उशिरा देणे आणि पगारातून कापलेला पीएफ न भरणे या दोन गोष्टी कायद्याच्या लेखी एका तराजूत येत नाहीत. पहिल्या बाबतीत मालक आपले पैसे द्यायला उशीर करतो. दुसऱ्या बाबतीत पैसे आपलेच असतात, ते आपल्या हातातून काढून घेतलेले असतात आणि मालकाकडे ते केवळ पुढे पोहोचवण्यासाठी ठेवलेले असतात, म्हणून कामगाराचा कापलेला वाटा न भरणे हा फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात धरला जातो. मालकाला उशिराच्या भरण्यावर वार्षिक १२ टक्के व्याज आणि वर दंडात्मक रक्कमही द्यावी लागते. अडचणीतला मालक सर्वांत आधी पीएफचाच पैसा वापरतो, कारण पगार थांबला तर त्याच दिवशी गोंधळ होतो आणि पीएफ थांबला तर सहा महिने कोणाच्या लक्षात येत नाही. मी स्वतः हे होताना पाहिले आहे आणि, लपवण्यात अर्थ नाही, एकदा त्या काळात ‘भरणा सुरू आहे’ असे मी कामगारांना सांगितलेही आहे, कारण मला तसे सांगण्यात आले होते आणि मी चलन पाहायला मागितले नव्हते. ईएसआयचेही, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचेही, याच वेळी तपासून घ्या. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ते लागू आहे आणि नागपूरच्या सोमवारी पेठेतल्या ईएसआय रुग्णालयाच्या खिडकीवर उभे राहिल्यावर अंशदान थांबल्याचे कळणे, ही माहिती मिळवण्याची सर्वांत वाईट पद्धत आहे.

तोट्याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यात फारसे गूढ नाही. कंपनी तोट्यात आहे की नाही हे शोधण्यात आपण शक्ती घालवू नये. ती प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून तिचे ताळेबंद पाहता येतात, परंतु ते मागच्या वर्षाचे, म्हणजे शिळे असतात, आणि भागीदारी फर्म असेल तर तेवढेही मिळत नाहीत. मुद्दा असा आहे की बोनसच्या वेतनमर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या कामगाराला ८.३३ टक्के किमान बोनस हा नफा होवो अथवा तोटा होवो, द्यावाच लागतो. तोट्याचे कारण त्याच्या वरच्या, २० टक्क्यांपर्यंतच्या भागाला लागू पडते. याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या प्रकरणात डोके वर काढू शकतो. नव्याने सुरू झालेल्या आस्थापनेला पहिली पाच वर्षे ज्या वर्षी नफा होईल त्याच वर्षाचा बोनस द्यावा लागतो. ही दुसरी फर्म ‘नवी’ आहे असे पुढच्या वर्षी आपल्याला सांगितले गेले तर आश्चर्य वाटू देऊ नका, आणि ते मान्यही करू नका, कारण केवळ नाव, जागा, व्यवस्थापन किंवा मालकी बदलल्याने आस्थापना नवी ठरत नाही, असे कायद्यातच लिहिलेले आहे.

बाकी कंपनीची खरी प्रकृती कशी आहे, हे ताळेबंदापेक्षा कारखान्याच्या आवारात लवकर कळते. कच्च्या मालाच्या गाड्या पूर्वीइतक्या येतात का, सुट्या भागांसाठी स्टोअरकीपर ‘सध्या जुन्यावरच भागवा’ म्हणू लागला आहे का, तयार माल वजनकाट्यावरून बाहेर पडतो आहे की गोदामात साचतो आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कँटीनच्या ठेकेदाराने काय केले, हे पाहावे. त्याचे बिल थकले की तो आधी नाश्त्यातले पदार्थ कमी करतो, मग उधारी बंद करतो. एका कारखान्यात सीएच्या अहवालाच्या दोन महिने आधी मला कँटीनच्या पातळ झालेल्या चहावरून अंदाज आला होता. माल नियमित बाहेर जात असेल आणि पगार मात्र अडत असेल, तर पैसा येतो आहे आणि दुसरीकडे वळतो आहे. मालच जात नसेल, तर मालकांकडेही बहुधा देण्यासारखे काही नाही. या दोन परिस्थितींत आपण घ्यायची पावले वेगळी आहेत.

आता त्या दोन कागदांविषयी. आपल्यापुढे ठेवलेल्या राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे छापलेले आहे, असे आपण लिहिले आहे. ४३ माणसांना एकाच तारखेला वैयक्तिक कारणे उद्भवत नाहीत, हे कोणालाही कळते, परंतु सही झाल्यावर ते सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. त्या कागदाने नेमके काय होते ते पाहू. सहा वर्षे सलग सेवा झाल्यामुळे आपण ग्रॅच्युइटीला पात्र आहात. १५,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ६ असा तो हिशोब असून रक्कम ५१,९२३ रुपये होते, आणि राजीनामा दिला तरी ती ३० दिवसांत द्यावी लागते. कंपनीने स्वतःहून कामावरून कमी केले असते तर याखेरीज एका महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे तीन महिन्यांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागले असते. राजीनाम्याने ही भरपाई जाते.

त्यामुळे साहेबांना विचारायचा प्रश्न अगदी साधा आहे आणि त्यात कोणाच्या चांगुलपणावर शंकाही नाही: ‘आमची सहा वर्षांची सेवा संपते आहे की पुढे चालू राहते आहे?’ संपत असेल तर ग्रॅच्युइटी आणि थकीत पगारासह अंतिम हिशोब आत्ता मिळाला पाहिजे. चालू राहत असेल तर राजीनाम्याची गरजच नाही, नव्या नियुक्तीपत्रात एक वाक्य पुरे आहे. सेवा संपली नाही म्हणून ग्रॅच्युइटी नाही आणि राजीनामा दिला म्हणून मागची सेवाही नाही, ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. ‘बाकी सगळे तेच राहील’ या वाक्याची याहून चांगली परीक्षा मला सुचत नाही. ते मनापासून बोललेले असेल, तर ‘सदर कामगाराची मूळ नियुक्तीच्या तारखेपासूनची सेवा सर्व प्रयोजनांसाठी सलग धरण्यात येईल आणि त्याच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी राहणार नाहीत’ एवढे लिहायला कोणाचाही काही खर्च होत नाही. उद्योगाचे हस्तांतरण होताना कामगाराची सेवा खंडित होऊ नये आणि शर्ती कमी होऊ नयेत, अन्यथा जुन्या मालकाने नोकरकपातीची भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात फार पूर्वीपासून आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही, तर जे आहे तेच कागदावर मागत आहात.

नव्या नियुक्तीपत्रात आणखी एक शब्द शोधा. त्यात ‘निश्चित मुदत’ किंवा ‘अकरा महिन्यांसाठी’ असे काही लिहिलेले असेल, तर सगळे तेच राहत नाही, हे त्या कागदानेच सांगितले आहे. आणि बदलाच्या गडबडीत कोणी ‘जुना पीएफ काढून घ्या, हाती पैसा येईल’ असे सुचवले तर ऐकू नका. खाते नव्या आस्थापनेकडे हस्तांतरित करा, कारण पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते आणि आपली ६ वर्षे पैशांच्या तात्पुरत्या गरजेपायी वाया जातील.

मालक चांगले आहेत, हे आपले म्हणणे मी हलके घेत नाही. चांगले मालक असतात आणि नागपूरला हे वेगळे सांगायला नको. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ मध्ये सुरू झाली आणि कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना तिने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. अपघात भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आणि पीएफचा कायदा १९५२ मध्ये आला. परंतु तीच मिल १९८६ मध्ये राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज गांधीसागर तलावाजवळच्या त्या जागेवर मॉल आहे. ज्यांनी शब्द दिला ते आणि ज्यांच्या काळात तो पाळायची वेळ आली ते, यांत शंभर वर्षांचे अंतर होते. आपल्या मालकांच्या बाबतीत ते अंतर कदाचित एका भागीदाराच्या निवृत्तीचे, मुलाने कारभार हाती घेण्याचे किंवा बँकेने नेमलेल्या माणसाचे असेल. म्हणून मालक जितके चांगले, तितकी ते खुर्चीत असतानाच त्यांच्याकडून सही घेऊन ठेवण्याची घाई असावी, असे मी सांगतो. यात त्यांचा अपमान नाही, आणि माझ्या अनुभवात चांगल्या मालकाने असे वाक्य लिहून द्यायला नकार दिल्याचे फार थोडे प्रसंग आहेत. नकार बहुधा मधल्या साहेबांचा असतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत आणि जुने बरेच कायदे त्यांत सामावले गेले आहेत. मी वर दिलेली मूळ तत्त्वे कायम आहेत, नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले आहे आणि नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आली आहे. परंतु आपल्या कारखान्यात एकूण कामगार किती, मान्यताप्राप्त संघटना आहे का, आणि कागदोपत्री आपले पद ‘पर्यवेक्षक’ दाखवलेले आहे का, यावर कोणता मार्ग खुला राहील हे ठरते. पगार थोडा वाढवून ‘सुपरवायझर’ केलेल्या माणसाला आपण कामगार राहिलो नाही हे अनेकदा वादाच्या दिवशीच कळते. आणि आपल्या घरची स्थिती काय आहे, हे तर मला माहीतच नाही. पुढच्या महिन्याचा हप्ता याच पगारावर अवलंबून असलेल्या माणसाला ‘सही नाकारा’ असे दुरून सांगणे सोपे असते, म्हणून मी तसे सांगत नाही.

मी आपल्या जागी असतो तर एकट्याने न जाता पाच-सात जणांनी मिळून एक पानाचे पत्र दिले असते. भाषा तक्रारीची न ठेवता विचारणेची ठेवावी: कोणत्या महिन्यांचा पीएफ भरला आहे आणि उरलेला कोणत्या तारखेपर्यंत भरला जाईल, थकीत पगाराच्या तारखा कोणत्या, आणि सेवा सलग धरली जाणार की नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्का देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावे. साहेबांनी ग्रुपवर टाकलेले संदेश, फलकावरच्या सूचनांचे फोटो आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे आज बिनकामाची वाटणारी चिठ्ठीही फेकू नये. माल बाहेर जात नसेल आणि मालक तारखांसह वेळापत्रक लिहून देत असतील, तर मी थांबलो असतो, कारण बंद पडलेल्या कारखान्याकडून वसुली करणे किती वर्षांचे काम असते हे मी पाहिले आहे. वेळापत्रकातली पहिलीच तारीख चुकली किंवा मुळात उत्तरच आले नाही, तर पीएफसाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करावी किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला होणाऱ्या ‘निधी आपके निकट’ या कार्यक्रमात पासबुक आणि पगाराची चिठ्ठी घेऊन जावे. पगार आणि सेवेच्या प्रश्नासाठी सिव्हिल लाइन्समधल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यावा.

सहीच्या दिवशी कागद घरी वाचायला नेण्याची परवानगी मागा. ‘इथेच वाचा, इथेच सही करा’ असे उत्तर मिळाले तर निदान दोन्ही कागदांचे फोटो घ्या. नियुक्तीपत्र घ्यावेच लागले तर सहीच्या वर ‘मागील सेवेचे सर्व हक्क राखून स्वीकारले’ असे स्वतःच्या हाताने लिहा. राजीनाम्यावर सही मागतील तेव्हा वरचा प्रश्न पुन्हा विचारा आणि त्याचे उत्तर त्याच कागदावर लिहून मागा. तारखेची जागा कोरी असेल किंवा मागची तारीख आधीच छापलेली असेल, तर तिथे पेन टेकवू नका. त्या दिवशीची तारीख आपल्या अक्षरात घालता येत असेल तरच पुढचा विचार करा.